धूर गेला खिडकीवाटे

“आधी माज्या छातीवर पहार घाल, मग भिंतीवर घाल!”

विठाबाई खिडकीला पाठ लावून उभी राहिली, आणि पहार उगारलेला तिचा एकुलता लेक सोपान जागीच थिजला. अंगणात बैलगाडी सोडून ठेवली होती, गाडीत लोणावळ्याच्या एका पाडलेल्या बंगल्यातल्या दोन खिडक्या... सागवानी, लोखंडी गजांच्या, माणूस उभा राहील एवढ्या! आणि विठाबाईच्या पाठीमागची? ती कसली खिडकी, हातभर भोकच ते, सासऱ्याच्या वेळेपासून दोन लाकडी गज सांभाळत बसलेलं. पण त्या भोकापायीच चुलीचा धूर घरात कोंडून राही, माळ्यावरच्या मुड्यांना, म्हणजे पेंढ्यात आवळून बांधलेल्या बियाण्याच्या भाताला, बारमाही धुरी बसे, आणि विठाबाईच्या आंबेमोहराला कीड म्हणून लागत नसे. पेरणीचं रोहिणी नक्षत्र निघालं की वडिवळ्यापासून पार कामशेतापर्यंतचे शेतकरी बियाण्यासाठी तिच्या दारात यायचे. नवरा गेला तरी विठाबाईची मान ताठ राहिली ती या मुड्यांच्या जिवावर!

“आये, धुरानं हिरीचं डोळं चाललं गं...”

“मी बी जलमभर हीच चूल फुंकली. माजं गेलं? तुजी बायकू कुटल्या राजाची लेक लागून गेली रं?”

चुलीपुढून हिरी लगबगीनं उठली. पदर डोळ्यांना लावून म्हणाली, “ऱ्हाऊ द्या वो. माज्या डोळ्याला काय बी झालं न्हाई. आत्याबाईंचं बियाणं किडलं तर गावात काय तोंड दावायचं?”

सोपान पहार टाकून चालता झाला. विठाबाई जिंकली! जिंकलेली बाई जशी घरभर उगाच भांडी वाजवत हिंडते तशी ती हिंडली, आणि दुपारी सैपाकघराच्या उंबऱ्यात येऊन थबकली.

हिरी सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होती. बोटं दाण्यांवरून मुंगीसारखी चालत होती, मध्येच थांबत होती, खडा उचलून बाजूला टाकत होती... आणि हिरीचे डोळे मात्र गच्च मिटलेले!

“डोळं मिटून कसलं निवडतीस गं?”

हिरी दचकली. “उगडं ठिवलं की झोंबत्यात, आत्याबाई...” मग अगदी हळू म्हणाली, “आन् उगडं ठिवून बी सारकंच हाय.”

विठाबाईला आत्ता उमगलं! हिरी या घरात आल्यापासून भाताच्या घासाला कधी खडा लागला नव्हता, सगळी भावकी वाहवा करी, आणि ती वाहवा विठाबाई आपल्या बियाण्याच्या नावावर खुशाल जमा करी... अरे देवा, या पोरीनं बोटांच्या डोळ्यांनी संसार केला, आणि सासूची मान खाली जाऊ नये म्हणून आज भरल्या डोळ्यांनी खोटं बोलली!

विठाबाई तरातरा अंगणात गेली. “सोपान्या! कुटं मेला? घाल ती पहार!”

“आत्याबाई, नगं!” हिरीनं तिचे पाय धरले. “बियाणं किडंल!”

“बियाणं परत पिकंल. डोळं कुटल्या वावरात पिकत्यात गं, येडे?”

पण एवढे मुडे ठेवायचे कुठं? धुराचं घर गल्लीत एकच उरलं होतं... धाकट्या जावेचं, धोंडाबाईचं! वाटणीच्या वेळी तांब्याच्या घंगाळावरून दोघींचं फाटलं, तेव्हापासून एकमेकींच्या सावलीचाही विटाळ. विठाबाईनं पहिला मुडा स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि त्या उंबऱ्यापुढं जाऊन उभी राहिली.

धोंडाबाई बाहेर आली. कंबरेवर हात. “का वो थोरल्या बाई? वाट चुकला?”

“वाट न्हाई चुकले. हे तुज्या माळ्यावर टांग. सुनंचं डोळं वाचवायचं हायती.” विठाबाई मागायला आली होती, पण जीभ ती जीभच! “आन् उंदरास्नी दूर ठेव. तुजं घर म्हंजी उंदरांचं म्हायेर.”

धोंडाबाईच्या ओठाचा कोपरा हलला. तिनं पुढं होऊन मुडा उतरवून घेतला. “आत तरी या. मान मोडली आसंल.”

खिडक्या बसल्या. घरात असा लख्ख उजेड आला की भिंतीवरची काजळी पाहून विठाबाईला आपल्याच संसाराची लाज वाटली, आणि दोघी सासू-सुना पोतेरं घेऊन सारवायला बसल्या. हिरीचे डोळे हळूहळू निवळले. पुरते नाहीत... पण सुईत दोरा ओवण्याइतके खरे!

रोहिणीला शेतकरी आले. नेहमीसारखे विठाबाईच्या अंगणात टेकले. विठाबाई दारात उभी राहिली आणि साऱ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “हितं काय बी न्हाई. बियाणं धोंडाबाईच्या दारात मागा. धुरी तिची हाय.”

समोरच्या उंबऱ्यातून धोंडाबाई कडाडली, “कुणी माज्या नावानं न्यायाचं न्हाई! बी थोरल्या बाईंचं. आमच्याकडं निस्तं पाव्हणं आलतं!”

शेतकरी खो खो हसले. विठाबाई फणकाऱ्यानं आत वळली, आणि मग डोळ्यांना पदर लावून उभीच राहिली.

“काय झालं, आत्याबाई?” हिरीनं विचारलं.

निमित्त सांगायला आता घरात धूरही नव्हता!