द्वारकेवर राज्य आलं

ही गोष्ट खरी आहे. रचून सांगणं मला जमत नाही. आणि ज्यांच्यावर ओढवली ते नागनाथ मास्तर माझे सख्खे मावसभाऊ आहेत.

साल १९९६. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला शनिवार, दुपारचे साडेतीन. आंध्राच्या आदिलाबाद जिल्ह्यात, बोथपासून चार कोसांवरच्या गावातली मराठी शाळा.

मास्तर याच शाळेत शिकले आणि इथंच नोकरीला लागले. गावात नुकतीच केबल आली होती. मधल्या सुट्टीत पोरं टीव्हीतल्या नकला करत बसायची. मास्तरांचं डोकं फिरलं.

"आंधळी कोशिंबीर माईत नाई? मंग खेळता काय लेकहो?"

त्यांनी पोरांना मैदानात काढलं. खेळ समजावला. ज्याच्यावर राज्य, त्याचे डोळे बांधायचे. तो हाताला लागेल त्याचा चेहरा चाचपून नाव सांगणार. नाव बरोबर आलं की राज्य त्या दुसऱ्यावर.

पहिलं राज्य घेतलं पंचफुलानं. मास्तरांची एकुलती एक लेक, तिसरीत. मास्तरांनी स्वतःच्या रुमालानं तिचे डोळे बांधले.

पोरं खिदळत पिंपळाकडे पळाली.

पंचफुला उलट दिशेला चालत गेली... मैदानाच्या कडेला, बुजवलेल्या विहिरीपाशी.

तिथं कुणीच नव्हतं.

तरी तिचे हात थांबले. हवेत, तिच्याच उंचीवर, ती काहीतरी चाचपू लागली. कपाळ. नाक. मग खाली, वेणीवरून फिरवावेत तसे हात...

"इची वेणी ओली हाय," ती म्हणाली.

पोरं हसायची थांबली.

पंचफुलानं कान पुढं केला. कुणी हळूच सांगतंय तसा. मग मोठ्यानं म्हणाली, "द्वारका!"

मास्तरांनी बुजवलेल्या विहिरीकडं पाहिलं.

द्वारका नावाची एकही मुलगी शाळेत नव्हती. सत्तावीस वर्षांपूर्वी होती.

तेव्हा मास्तर नऊ वर्षांचे. याच मैदानात पाच जण खेळत होते, द्वारकेवर राज्य होतं. रस्त्यानं वरातीचा बँडबाजा आला आणि चौघं तिकडं धावले. खेळ संपवताना सगळ्यांनी टाळी देऊन "डाव मोडला" असं तीनदा म्हणायची रीत होती. त्याशिवाय राज्य घेतलेल्यानं डोळे सोडायचे नसत. त्या दिवशी कुणीच म्हणालं नाही.

ती शोधत राहिली. विहिरीला तेव्हा कठडा नव्हता.

संध्याकाळी तिला वर काढलं, तेव्हा डोळ्यांवरची गाठ तशीच घट्ट होती. ती गाठ नागनाथनं बांधली होती.

आता मास्तर धावले, लेकीच्या डोळ्यांवरचा रुमाल ओढून काढला आणि शाळा सोडून दिली. घाबरलेला माणूस काय काय विसरतो! डाव मोडायचा या वेळीही राहून गेला.

सोमवारी चौथीतला चंपत रडत आला. "गुर्जी, कोनीतरी माह्या तोंडावरून हात फिरवला... थंडगार."

मंगळवारी आणखी दोघी. बुधवारी पाच जण.

राज्य आता द्वारकेवर होतं, आणि ती चेहरे चाचपत होती. पण ही नवी पोरं तिच्या ओळखीची नव्हती. नाव येईना, म्हणून सोडून देत होती.

मास्तरांना एकाच गोष्टीची धास्ती बसली. कुणाचं नाव तिला कळलं तर? आणि ते आपल्या पंचफुलाचं असलं तर? त्यांनी शाळेत हजेरी नंबरानं सुरू केली. घरी बायकोला, रुख्मिणीला बजावलं, "पोरीले नावानं हाक मारू नोको."

"काऊन? येड लागलं का तुमाले?"

काय सांगणार बिचारे!

शनिवारी दिवेलागणीला पंचफुला ओसरीवर पाढे लिहीत होती. एकदम ताठ बसली.

तिच्या गालावर पाण्याचा ओघळ उतरला... कपाळावरचे केस आपोआप मागं सरकले...

"बाबा, ती माहं नाव इचारून राह्यली. सांगू?"

मास्तरांनी झेप घेऊन तिच्या तोंडावर हात दाबला. त्यांना रडू फुटलं होतं.

"द्वारके, तिले सोड. इकडं ये. गाठ म्या बांधली होती... मी नागनाथ."



मग दोन ओली बोटं त्यांच्या कपाळावर टेकली. नाकावरून खाली आली. मिशीवर अडखळली. बराच वेळ तिथंच थांबली...

आणि एक लहान पोर, अगदी खुशीत, कानाशी बोललं, "नागनाथ!"

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला, पण मास्तरांना दिसला नाही.

आदिलाबाद झालं, नागपूर झालं. डॉक्टर म्हणतात, डोळ्यांत काही दोष नाही. आम्ही मैदानात जाऊन टाळ्या दिल्या, डाव मोडला म्हणून ओरडलो. काही फरक नाही. त्या खेळातली उरलेली तिघं कुठं गेली, कुणाला ठाऊक नाही.

शाळेतल्या पोरांना पुन्हा कधी तो हात लागला नाही. राज्य आता मास्तरांवर होतं.

आता २०१३ उजाडलंय. मास्तर जवळच्या इचोडा गावी राहतात. कुणी जवळ आलं की दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतात. मागच्या महिन्यात मी गेलो, तेव्हा पंचफुला माहेरी आली होती. तिचा दीड वर्षाचा मुलगा आजोबांच्या गुडघ्याला धरून उभा राहिला, त्यांच्या मांडीवर चढायला बघू लागला. मास्तरांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण हात काही बाहेर आले नाहीत.

नातवाचं नाव त्यांनी आजवर विचारलेलं नाही.

मला ठाऊक आहे. पण मीही ते इथं लिहीत नाही.