मागच्या खोलीची खिडकी

कूलर बसवायचा होता, एवढंच काम. मे महिन्यात वर्ध्याला कूलरशिवाय माणूस टिकत नाही, आणि सिंदी मेघेच्या त्या घरात कूलर बसेल अशी खिडकी एकच होती, मागच्या खोलीतली. नेमकी तीच अडकलेली.

घर मंजुषाच्या थोरल्या भावाचं, हेमराजचं. मागच्या उन्हाळ्यात त्यांची आई, सीताबाई, याच खोलीत गेली. झोपेत गेली, काही कळलंसुद्धा नाही, असं त्यानं सांगितलं होतं. मग तो बायको-लेकरांना घेऊन सेलूला, दुकानाजवळ राहायला गेला. मंजुषाची कारंज्याहून वर्ध्याला बदली झाली तेव्हा किल्लीही त्यानं आपणहूनच आणून दिली. त्या खिडकीच्या नादी लागू नको, तिची चाकं गेलीत, एवढं तेवढं बजावलं.

रविवारी दुपारी मोबाइलवर व्हिडिओ पाहून ती कामाला लागली. सरकती खिडकी, खाचेत बोटभर धूळ. जुन्या टूथब्रशनं तिनं ती उकरली, साबणाचं पाणी सोडलं, वरून मेणबत्ती घासली. पल्ला तसूभर हलेना. बाहेर ऊन भणभणत होतं, आत वाऱ्याची झुळूक नव्हती, तरी कुठून तरी मेंदीचा वास यायला लागला. नुकत्याच कालवलेल्या, ओल्या मेंदीचा.

ती पेचकस घेऊन मागच्या बोळीत गेली. चौकटीवर बाहेरून पुट्टीचे दोन पांढरे ठिपके होते. ते खरवडले तर खाली स्क्रू निघाले, चौकटीतून थेट पल्ल्यात घुसलेले. खिडकी बिघडली नव्हतीच. कुणीतरी बाहेरून ती कायमची बंद करून टाकली होती.

स्क्रू काढून ती आत आली आणि पल्ला ढकलला. तो लोण्यासारखा सरकला. त्याच्या खालच्या खाचेत काहीतरी रुतून बसलं होतं. तिनं ते तळहातावर घेतलं. तुटलेल्या नखांचे तुकडे होते, केशरी रंगलेले.

शेवटच्या भेटीत आईच्या हातांना मेंदी तिनंच लावली होती, उन्हाळ्यात गार वाटतं म्हणून. त्यानंतर हेमराजनं तिला येऊच दिलं नाही. आई कुणाला ओळखत नाही, तुला पाहिलं की उलट बिथरते, असं तो फोनवर सांगायचा. ती मानायची. दादाच्या शब्दावर शंका घ्यायची तिला सवयच नव्हती.

तिनं त्याला फोन लावला.

"दादा, खिडकी उघडली."

पलीकडे दुकानाचं शटर खाली ओढल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "आई दिवसभर तिथून हाका मारे, मंजू. बोळीत लोकं जमत. मले शरम वाटे. म्हणून मंग खिडकी... आन् दार बी."

"ती गेली तवा तू कुठं होता?"

"आमी लग्नाले गेलतो..."

तिनं फोन ठेवला. आल्यापासून ती या घरात जेवत होती, झोपत होती, आल्यागेल्याला भावाचं कौतुक सांगत होती.

बोळीत कुणीतरी थांबल्याची चाहूल लागली. शेजारची धुरपताबाई होती, डोळे उघड्या खिडकीकडे. मंजुषा तशीच बाहेर गेली. माझ्या आईच्या हाका तुमच्या कानावर आल्या असतील, मग एकदाही का आला नाहीत, असं तिनं सरळ विचारलं.

धुरपताबाईनं पदर तोंडाशी नेला.

"आलो असतो, ताई. पण तुमची माय हाक मारे, आन् आतून तुमी तिले समजावून राह्यल्याचं ऐकू ये. म्हटलं लेक हाय जवळ, आपण काऊन मधात पडाचं?"

"मी इथं नव्हतीच..."

"आवाज तुमचाच होता. तवा तुमाले पाह्यलं नोतं मी. तुमी राहाले आल्या, बोलल्या, तवा ओळखला."

मंजुषानं वळून खिडकीकडे पाहिलं. समोरच्या रिकाम्या खोलीतून, उघड्या खिडकीतून, मंजुषाचाच आवाज हळूच आला, खूप वेळ तेच ते बोलून दमल्यासारखा...

"थांब ना आई... उघडून राह्यली ना..."