साखराबाई कुणाच्या कोण

निवळगीत कुणाला पत्ता विचारावा लागत नाही. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर गाव नव्या जागी वसवलं, तेव्हा कुठल्याशा इंजिनिअरने पट्टी लावून गल्ल्या आखल्या आणि घरांना नंबर घातले. गल्ली चार, घर अकरा, म्हटलं की झालं. जुन्या गावातली बोळं, पार, वेशीतली चिंच सगळं दोन किलोमीटरवर दगडमातीखाली राहिलं आणि त्यावर वेडी बाभूळ माजली. नवं गाव इतकं शिस्तीचं आहे की पाहुण्याला पहिल्या दिवशी बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी करमेनासं होतं.

दीपमालाला ही शिस्त सोयीची होती. ती नांदेडच्या कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवायची आणि महिनाभराची रजा टाकून निवळगीच्या वंशावळी जमवायला आली होती. घरोघर बसायचं, कोण कुणाचं कोण ते विचारायचं आणि कागदावर मांडायचं. पुरुषाला त्रिकोण, बाईला गोल. लग्नाला दोन आडव्या रेघा, लेकराला एक उभी. माणूस गेलेलं असेल तर त्याच्या खुणेवर एक तिरपी रेघ. निवळगीच्या कागदावर तिरप्या रेघा फार होत्या.

हे झालं कॉलेजला सांगितलेलं कारण. खरं कारण तिच्या पाकिटात घडी घालून ठेवलेलं होतं. ‘मुलगी, वय अंदाजे आठ महिने, मौजे निवळगी. पालक अज्ञात.’ भूकंपानंतर मदत घेऊन आलेल्या नांदेडच्या मास्तरमंडळींत दत्तोपंत होते. परत जाताना त्यांच्या कडेवर हे मूल होतं. दत्तोपंतांनी आणि चंद्रप्रभाबाईंनी तिला आयुष्यात काही म्हणजे काही कमी पडू दिलं नाही. पण वर्गात दरवर्षी ती पोरांना सांगायची की आईची आई, तिची आई असं मागे मागे गेलं की जगातली सगळी माणसं आफ्रिकेतल्या एकाच बाईपाशी पोहोचतात. पोरं तोंडात बोट घालायची. तिला दोन लाख वर्षांपूर्वीची आई ठाऊक होती, स्वतःची नव्हती.

गेल्या वर्षी दत्तोपंत गेले आणि तिने निवळगीला जायचं ठरवलं. वहीच्या पहिल्याच पानावर तिने स्वतःचा गोल काढला आणि त्याच्या वर पेन्सिलीने एक त्रिकोण, एक गोल. दोन्ही रिकामे.

उतरली होती ती दगडोबांच्या घरी. म्हातारा एकटा. पुतण्या बजरंग आणि त्याची बायको शिल्पा त्याला सांभाळत. शिल्पा रोज जेवायला बसताना एक ताट जास्तीचं मांडायची. दीपमालाला वाटलं ते आपलं. पण तिच्यासमोर वेगळं ताट आलं आणि जास्तीचं तसंच राहिलं.

“हे कुणाचं?”

“येतंय की कुणीबी नात्यातलं,” शिल्पा म्हणाली.

साखराबाईचं नाव पहिल्यांदा घेतलं नव्वदीच्या केरबांनी. भाऊ, भावजया, त्यांची मढी, सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, “आन एक साखरा. आमची चुलती.”

“त्या कुठे असतात?”

“ग्यानोबाकडं ऱ्हाती न्हवं का.”

दीपमालाने गोल काढला. ग्यानोबांकडे गेली तर ते म्हणाले, “हाव, आमची मावशी हाय ती. पर ऱ्हायाला मलप्पाच्या हितं.” मलप्पा लिंगायत. ग्यानोबा मराठे. दीपमाला थबकली. मलप्पाच्या ओट्यावर तूर वाळत होती. ती हाताने सारखी करत ते म्हणाले, “साखराक्का आमच्या चुलत घराण्यातल्या. कावून इचारता?” आणि तिसऱ्या गल्लीत, मुलाण्याच्या घरात, म्हातारी मोठ्या मायेने म्हणाली, “साखरा खाला ना? आमच्या अम्मीची बहीन.”

एका नावाच्या चार बाया असतील. दीपमालाने स्वतःची समजूत घातली. अशा चुका नवशिक्याकडून होतात, आणि ती नवशिकी नव्हती. मग तिने प्रत्येक घरी दिसायला कशी, ते विचारायला सुरुवात केली.

हिरवं इरकली लुगडं. हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण. डाव्या करंगळीचं वरचं पेर तुटलेलं.

चारही घरांत तेच. पुढच्या वीस घरांतही तेच.

तिने वय विचारलं. केरबा म्हणाले, “मी लंगोटीत व्हतो तवा साठीची असंल.” सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली शिल्पा म्हणाली, “माझी ओटी भरली की त्यांनी. असतील साठीच्या.”

त्या दुपारी दीपमालाने सगळे कागद चिकटवून ओसरीभर पसरले. साखराबाईचा गोल प्रत्येक घरात होता. कुठे आत्या, कुठे नणंद, कुठे विहीण. जी घरं एकमेकांत सोयरीक तर सोडाच, पूर्वी पाणीही पीत नव्हती, त्या सगळ्यांच्या रेघा तिच्यापाशी येऊन मिळत होत्या. तिच्यावरून मात्र एकही रेघ वर जात नव्हती. तिचे आईबाप कुणालाच माहीत नव्हते, आणि ती गेली असंही कुणी म्हणत नव्हतं. दीपमालाने वहीत लिहिलं, ‘साखराबाई: अशी व्यक्ती असू शकत नाही. तपासणे.’ लिहिलेलं तिने पुन्हा वाचलं. तिला स्वतःचाच राग आला.

तपासायला वेळ मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दगडोबा शेतातून आले आणि दगडावर पाय धुवायला बसले. दीपमाला चहाचा कप घेऊन पायरीवर होती. पाणी पडलं, चिखल निघाला आणि तिला त्यांचा डावा पाय दिसला. अंगठ्याशेजारची दोन बोटं अर्ध्यापर्यंत जुळलेली.

तिने स्वतःचे पाय साडीच्या काठाखाली ओढून घेतले. तिचीही तीच बोटं, त्याच पायाची, तशीच जुळलेली होती. नवी चप्पल घेताना दरवेळी दुकानदाराला सांगावं लागायचं.

“काका,” ती कसंबसं म्हणाली, “तुमच्या घरातली माणसं सांगायची राहिलीत.”

दगडोबांनी सांगितली. बायको. दोन मुलं. एक थोरली मुलगी. नावं, वयं, कोण कुठल्या भिंतीखाली सापडलं तेही. आवाज कुठे हलला नाही, बियाण्याचे वाण सांगावेत तसं सांगितलं.

“आन एक धाकटी. सात-आठ म्हैन्यांची. ती काय घावलीच न्हाई.”

“नाव काय होतं तिचं?”

दगडोबांनी दुसरा पाय धुवायला घेतला.

“व्हतं की. बारसं ध्यानात हाय, पाळण्याला बांधलेली झिरमाळी ध्यानात हाय. नाव येत न्हाई.” त्यांनी ओल्या हाताने कपाळ चोळलं. “साखरा आली न्हवं का तवा. मी येडा व्हायचा ऱ्हायलो बगा, पोरी. तिनं डोस्क्यावरून हात फिरवला, आन मग येवडा तरास झाला न्हाई. तवापासून नाव येत न्हाई.”

तिथल्या तिथे त्यांच्या पायाला मिठी मारावी असं तिला वाटलं. पण बत्तीस वर्षांपूर्वी गेलेली लेक अशी सकाळी चहाच्या कपाबरोबर परत करायची नसते. शिवाय नांदेडला एक बाई होती जिने तिच्यासाठी रात्रीचा दिवस केला होता. आधी तिला सांगायला हवं. आज आईशी बोलायचं आणि संध्याकाळी काकांना सांगायचं. वहीत दगडोबांच्या धाकटीचा गोल काढून तिने त्याच्याशेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं. मग शिल्पाला म्हणाली, “संध्याकाळी काकांना कुठे जाऊ देऊ नकोस गं. मला बोलायचंय त्यांच्याशी.”

फोनला रेंज गच्चीवरच यायची. भर दुपार होती. खाली गल्ली रिकामी, लांब ज्वारीत कुणीतरी पाखरं हाकत होतं.

“आई, एक विचारायचंय. रागावू नकोस. मला बाबांच्या हातात दिलं कुणी?”

“साखराआत्यांनी,” चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. त्या काहीतरी निवडत असाव्यात, ताटाचा आवाज येत होता.



दत्तोपंतांना आत्या नव्हती. एमएला असताना तिने पहिली वंशावळ काढली ती याच घराण्याची. सात पिढ्या दत्तोपंतांनी स्वतः तोंडाने सांगितल्या होत्या.

“कोण साखराआत्या?”

“अगं, असं काय करतेस? बाबांची आत्या. तुझ्या बारशाला पाळण्याची दोरी त्यांच्याच हातात होती.” आई हसली. “आणि या काय, समोरच बसल्यात. सकाळच्या गाडीने आल्या. देऊ का फोन?”

“आई, थांब. त्यांचा डावा हात बघ.”

“करंगळी होय? ती पहिल्यापासूनच तशी. तुला काय नवीन आहे त्यात?”

पलीकडे बांगड्या वाजल्या. फोन एका हातातून दुसऱ्या हातात जात होता.

दीपमालाचा अंगठा लाल बटणावर आला.

दाबला असता तर संपलं असतं. पण तिला ढिगाऱ्यातून कुणी उचललं, ते त्या बाईला माहीत होतं. तिचं नाव काय होतं, तेही माहीत असेल. आयुष्यभर ती हेच तर विचारत आली होती.

तिने फोन कानाला लावला.

“जेवलीस का, बाळा?”

आवाज साठीच्या बाईचा होता. दमलेला, मायाळू.

वारा नव्हता, तरी तिच्या केसांवरून काहीतरी हळूच मागे गेलं. चार बोटं, आणि एक आखूड.

“जेवते आता, आत्या,” दीपमाला म्हणाली.

ती खाली आली तेव्हा शिल्पा ताटं मांडत होती. दीपमालाने हात धुतले आणि जास्तीच्या ताटात आपणहून अर्धी भाकरी वाढली.

“ताई, ती संध्याकाळची गोष्ट सांगितली मी काकांला. बसून हाईत ते तवापासून. काय बोलायचं व्हतं?”

दीपमालाने आठवून पाहिलं. “विशेष काही नाही गं.”

ओसरीच्या कोपऱ्यात दगडोबा धुवट सदरा घालून बसले होते. तिच्याकडे बघून उगाच हसले. ती पण हसली. मोठा गोड माणूस, आणि माहिती इतकी नीट देतो.

जेवण झाल्यावर तिने वही उघडली. उद्याच्या जीपने निघायचं तर कागद पुरे करायला हवेत. साखराआत्यांच्या नावापुढे कुणीतरी, म्हणजे तिनेच, ‘तपासणे’ असं लिहिलं होतं. तपासायचं काय होतं त्यात? तिने ते खोडलं. पहिल्या पानावर तिच्या गोलाच्या वर एक रिकामा त्रिकोण आणि एक रिकामा गोल होता. कशासाठी काढले होते ते काही केल्या ध्यानात येईना. तिने खोडरबर घेतलं आणि अलगद पुसले.

मग दगडोबांचं पान. बायको, दोन मुलं, थोरली मुलगी, चारही खुणांवर रेघा होत्या. पाचवा, धाकटीचा गोल तसाच मोकळा राहिला होता. शेजारी एक प्रश्नचिन्ह.

अशी ढिलाई तिला आवडत नसे. तिने प्रश्नचिन्ह पुसलं, पट्टी लावली आणि त्या गोलावर तिरपी रेघ ओढली.