पुढचं पात्र येईपर्यंत

रंजिता बाबांचा श्वास घड्याळ लावून मोजत होती. मिनिटाला सात. ती उपकेंद्रात नर्स होती, सातचा अर्थ तिला कोणी सांगायची गरज नव्हती. डॉक्टर सकाळी येऊन स्पष्टच बोलले होते, दुपार निघणं कठीण. आणि थोरला भाऊ संघदीप अजून गाडीत होता. गाडी गोंदियाला चारला, तिथून कामठ्याला यायला पाच धराच. बाबांचा तर दोन दिवस एकच घोशा, संघदीप आला का?

"बाजा काढ," आई म्हणाली. "तेवढंच बरं वाटंल त्याईले."

"आता कायले, आई?"

"काढ म्हटलं ना."

बाजा म्हणजे बाबांचं अकॉर्डियन. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत नाटकाला बाबा, म्हणजे केवळराम, वाजवणार म्हटलं, की लोक पार बालाघाटकडून ट्रॅक्टर भरून यायचे. त्यांची ती नाचरी चाल सुरू झाली की पडद्यामागची पात्रंही पायाने ताल धरायची. त्यांचा नियम एकच. रंगमंच रिकामा ठेवायचा नाही. एक पात्र जायला निघालं आणि दुसरं अजून मिशीच चिकटवत असलं, तर तेवढा वेळ बाबा सूर धरून ठेवायचे. पुढचं पात्र आल्याशिवाय भाता मिटायचा नाही, हे त्यांनी रंजिताला लहानपणीच बजावलं होतं.

तिने पट्टे खांद्यावर चढवले आणि तीच चाल धरली, अगदी सावकाश. चार-पाच ओळी झाल्या असतील. सवयीने तिची नजर बाबांच्या छातीवर गेली. भाता उघडला की छाती वर, मिटला की खाली.

योगायोग, तिने स्वतःला सांगितलं. तिने लय थोडी वाढवली. मिनिटाला बारा.

बाबांचा श्वासही बारा झाला.

तिने हात थांबवला. छाती थांबली. तिने मनात वीसपर्यंत मोजलं, मग तिच्याच्याने मोजवेना. भाता ओढला तशी छाती फुगली.

"थांबू नोको," आई हळूच म्हणाली. तिनेही पाहिलं होतं.

मग रंजिता वाजवतच राहिली. अकरा वाजले, बारा वाजले. डावा हात खांद्यापासून जड झाला, बोटं सुजली. आई तिला चमच्याने पाणी पाजत होती. भीती वाटत होती, पण त्याहून जास्त वाटत होतं की दादा येईपर्यंत कसंही करून निभावून न्यावं.

दोनच्या सुमारास शेजारच्या धुरपताकाकू आल्या. "काय गोड वाजवून राहिली व पोरगी," म्हणत त्यांनी बाबांच्या पायाला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"भागीरथा, पाय तं गार पडले," त्या आईला म्हणाल्या.

आईने चादर बाबांच्या पायांवर ओढली. काकू चहाही न घेता निघून गेल्या.

रंजिताने बाबांची नखं पाहिली, निळी पडली होती. डोळे अर्धे उघडे होते, पापणी हलत नव्हती. दुसऱ्या कुणाच्या घरी असती तर तिने एव्हाना वेळ लिहून घेतली असती. पण छाती वर येत होती, खाली जात होती. मिनिटाला बारा.

पाच वाजून दहा मिनिटांनी दारात ऑटो थांबला. संघदीप पाठीवरची बॅगही न काढता आत आला, खाटेजवळ बसला आणि त्याने बाबांचा हात हातात घेतला.

"बाबा, मी आलो."

बाबांची बोटं त्याच्या हाताभोवती मिटली. आईने पदर तोंडाला लावला.

झालं. रंजिताला रडू फुटलं. आता सोडायचं, भाता हळूहळू मिटू द्यायचा, बाबांना शांतपणे जाऊ द्यायचं. तिने शेवटचा सूर धरला आणि हात सैल केला.

बाबांची छाती खाली गेली.

"रंजू," संघदीप म्हणाला. त्याचा आवाज घोगरा होता. "दम लागून राहिला मले."

तिने मान वर केली. त्याचे ओठ काळवंडत होते.

तिने भाता ओढला. संघदीपची छाती फुगली.

"दादा, बाबांचा हात सोड."

"सुटून नाही राहिला."

तिने पुन्हा बाबांकडे पाहिलं. त्यांची छाती आता हलत नव्हती. चेहरा निवांत होता, प्रयोग संपवून परत येताना असायचा तसा.

समोर भिंतीवर घड्याळ चालू होतं. रंजिता वाजवत राहिली आणि दादाचे श्वास मोजू लागली. बारा.