बुचाच्या रानातली पायवाट

चहा संपवा, मग सांगतो. आणि कुणी दात काढायचे नाहीत, कारण यात चूक माझी आहे.

गोष्ट आपल्या ऐन द्राहम गावातलीच. गेल्या चौदा नोव्हेंबरची, गुरुवारची रात्र. तुमच्या शाळेतले चित्रकलेचे मोंजीसर, म्हणजे माझा शेजारी मोंजी. त्याची बहीण झोहरा सकाळी सहाच्या बसनं निघणार होती, कायमची समुद्रापार मार्सेयला. लहानपणी आई दोघांना लाकडं गोळा करायला बुचाच्या झाडांच्या रानात न्यायची. त्या पायवाटेचं चित्र झोहराला सोबत हवं होतं. आईचा एक फोटोसुद्धा नव्हता घरात. मोंजीचं पेन्सिलीचं काम झालेलं, रंग तेवढे राहिलेले, आणि मेल्या नळाला पाणी नाही!

त्याच संध्याकाळी पलीकडचा म्हातारा सादोक वारला. त्याला अंघोळ आम्हीच घातली. मयताचं पाणी कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून लांब झाडाखाली खड्ड्यात ओततो ना आपण? ती बादली माझ्याकडे दिली होती. मी ती माझ्या दाराबाहेर ठेवली आणि कॉफी प्यायला आत गेलो.

मोंजीला वाटलं, शेजाऱ्यांनी पाणी भरून ठेवलंय. सर्दीनं नाक चोंदलेलं, वास कुठला येतोय! वाटीभर घेऊन गेला.

कुंचल्याचं टोक ओठांत धरून बारीक करायची त्याला घाण खोड. झोहरा म्हणाली, "चाट, चाट. म्हणजे रात्रीचं जेवण करायला नको तुझ्यासाठी."

"पाणी बुळबुळीत आहे गं," तो म्हणाला. "गोडसर..."

पायवाट रंगवली. ओठाला केस चिकटला. काढला. पुन्हा कुंचला ओठांत. पुन्हा केस. पांढरा. बोटभर लांब.

कुंचला तर तपकिरी केसांचा...

बादली उचलायला मी बाहेर आलो, तर पाणी सांडल्याचा माग मोंजीच्या दारापर्यंत. वाटी बघितली. ओरडलो, "अरे, हे सादोकच्या अंघोळीचं पाणी!"

उजाडेपर्यंत ओकत होता बिचारा. मी म्हणालो, "जाळ ते!" झोहरानं चित्र छातीशी धरलं. "आईची वाट आहे, सालेहकाका. नाही जाळणार." सगळं वाळलं होतं, ती वाट मात्र ओली. तशीच घेऊन गेली.

दर महिन्याला तिचं पाकीट येतं, माझ्या नावानं. कालच आलं. चिठ्ठीत दरवेळी तेवढंच: "काका, वाटेवर पुन्हा उगवले. कापून पाठवतेय. पुरून टाका."

हे बघा. दिव्याजवळ धरतो... हात नको लावूस!

पांढरेच आहेत. अजून ओले.