जास्तीचं कडवं

चर्चमधल्या पायपेटीची किल्ली खिळ्यावर नव्हती.

ताईने स्वयंपाकघरातला तो खिळा दोनदा चाचपून पाहिला. तिच्या माहितीप्रमाणे बावीस वर्षांत ही किल्ली तिच्याशिवाय कोणी काढली नव्हती. "कुणी घेतली रे?" तिने विचारले, तेव्हा धाकट्या भावाने वर्तमानपत्र जरा वरच धरले.

"अं... ती गेलीय घेऊन."

ती म्हणजे त्याची बायको. आईवडील एकाच वर्षी गेले तेव्हा हा नऊ वर्षांचा होता. त्याच्यासाठी तिने स्वतःचे ठरलेले लग्न मोडले, त्याला शिकवले, हौसेने भावजय घरात आणली. मग हळूहळू स्वयंपाक भावजयीकडे गेला, बाजार गेला, पडद्यांचा रंगसुद्धा तिनेच ठरवला... ताईने हूं की चूं केले नाही. पेटी मात्र ताईची होती.

आणि तरीही, त्या पेटीवर बसून बसून तिचे मन केव्हाच कोरडे पडले होते. मंडळीकडे पाठ करून ती कडवी मोजायची, पुढच्या गीताचे पान काढून ठेवायची. प्रार्थनेत डोळे मिटले तरी बोटे चाल शोधत असत. देवाशी आपण शेवटचे कधी बोललो, हे तिला आठवत नव्हते. आणि हे सांगणार तरी कुणाला?

चर्चचे दार अर्धवट उघडे होते. आत भावजय त्याच एका ओळीवर पुन्हा पुन्हा अडखळत होती.

"स्वयंपाकघर पुरलं नाही वाटतं," ताई दारातूनच म्हणाली.

भावजय दचकली. पेटीचा भाता सुस्कारा टाकून थांबला.

"रागवा हवं तर, ताई. पण आधी सांगा, शेवटचं बाकावर कधी बसलात?"

ताईची नजर रिकाम्या बाकांकडे गेली.

"दीडदोन महिन्यांपूर्वी भांडी विसळताना तुम्ही म्हणालात, 'मी चर्चला कुठे जाते, कामाला जाते.' हसत म्हणालात, पण माझ्या मनातून जाईना. तुमच्या भावाला सांगितलं, तर म्हणतो कसा, ताई कधी दमत नाही." तिने नाक पुसले. "सहा आठवडे येतेय मी इथे. एकच गीत बसवलंय. एक रविवार तरी तुम्ही नुसत्या बसा."

"आणि चुकलीस तर?"

"चुकणारच. तुम्ही डोळे मिटून घ्या."

ताई बाकावर बसली. आपण हिला काय समजलो... डोळे घळाघळा वाहू लागले. मग ती उठली, पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, "सरक. मनगट वर धर. अशी नाही, अशी." संध्याकाळ होईपर्यंत तिने शिकवले, एकदाही न वैतागता.

रविवारी ती भावाशेजारी बसली. गीत सुरू झाले तसे तिचे पाय जमिनीवर भाता मारू लागले, बोटे गुडघ्यावर फिरू लागली. पहिल्या दोन कडव्यांत तीन चुका, तिसऱ्यात आणखी एक. चौथे कडवे संपले, पाळकांनी प्रार्थनेसाठी हात उचलले... आणि पेटी थांबेचना. गीतात नसलेल्या पाचव्या कडव्यावर ती एकटीच निघाली होती. माणसे एकमेकांकडे पाहू लागली.

तेवढ्यात ताईच्या कानाशी कुणीतरी पहिलेच कडवे पुन्हा उचलले, मोठ्याने आणि अगदी बेसूर. तिचा भाऊ होता तो. लहानपणी तिने थोपटून निजवलेल्या या पोराचा गाण्यातला आवाज तिने पेटीमागून कधी ऐकलाच नव्हता! एकेक करून सगळी मंडळी त्याला सामील झाली. दमलेल्याला घरी बोलावणारे ते शब्द ताईने शेकडो वेळा वाजवले होते; आज ते कुणीतरी तिलाच म्हणत होते. तिची बोटे थांबली. ती गाऊ लागली.

उपासना संपल्यावर भावजय कानापर्यंत लाल होऊन आली. "ताई, माझं एक कडवं जास्त झालं हो."

"झालं खरं," ताईने तिचा हात हातात घेतला. "तेवढंच मी गायले."