आठवडा एकशे सत्तावन्न

निशिकांत सबनीसला लिहायचा मनापासून कंटाळा होता. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कुणी चार ओळी मागितल्या की हा गडी महिनाभर फोन उचलत नसे. त्यामुळे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्याने एका जर्मन शाळेचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा मधुवंती आधी हसली आणि मग त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

शाळा ब्राकेनश्टेट नावाच्या छोट्या गावातली. व्यापारी कामाचं शिक्षण देणारी. तिथली मुलं आठवड्यातले तीन दिवस एखाद्या कंपनीत उमेदवारी करतात आणि दोन दिवस शाळेत बसून पत्रव्यवहार, मालवाहतूक, विमा असलं सगळं शिकतात. बावीस वर्षांचा असताना पुण्याच्या कंपनीने निशिकांतला तिथे तीन वर्षांसाठी पाठवलं होतं. तिथल्या प्रमाणपत्राच्या जोरावर तो सिंगापूरला आला आणि आता हार्बरफ्रंटला एका मालवाहतूक कंपनीत रिजनल हेड होता. केबिनच्या खिडकीतून बाटाम बेटाला जाणाऱ्या फेरीबोटी दिसत. ते प्रमाणपत्र घरी त्याच्या टेबलाच्या खालच्या खणात होतं. फ्रेम करून लाव, असं मधुवंती बरेचदा म्हणाली होती. त्याने कधी लावलं नाही.

शाळेला सव्वाशे वर्षं होत होती. तिथल्या ग्रंथपाल बाई, फ्राउ ब्रिंकमान, यांचा मेल आला. परदेशी माजी विद्यार्थ्यांसाठी शाळेचा छोटासा इतिहास इंग्रजीत हवा आहे, कागदपत्रं स्कॅन करून पाठवतो, तुम्ही लिहाल का? नाही म्हणता आलं असतं. पण 'आमचे सर्वांत यशस्वी परदेशी विद्यार्थी' असं बाईंनी लिहिलं होतं, आणि ते वाक्य निशिकांतने मधुवंतीला दोनदा वाचून दाखवलं.

काम सुरू केल्यावर मात्र तो रमला. शाळा सुरू झाली ती धान्याच्या गोदामाच्या माळ्यावर, आठवड्यातून एक दिवस, दुकानांत उमेदवारी करणाऱ्या पोरांसाठी. बारा पोरं, एक मास्तर. खालून गव्हाचा भुसा उडायचा म्हणून वह्यांना मेणकापडाची कव्हरं. मग स्वतःची इमारत, मग मुलींना प्रवेश, मग युद्ध. एका वर्षीच्या हजेरीपटात नावांपुढे नुसत्या रेघा. युद्ध संपल्यावर छप्पर उडालेल्या इमारतीत वर्ग भरायचे आणि येताना प्रत्येकाने एकेक कोळसा आणायचा. निशिकांत जेवताना हे सगळं सांगायचा, आणि त्याची सतरा वर्षांची मुलगी आर्या फोनमधून मान वर न करता म्हणायची, "सो सॅड, बाबा."

एक जुना नियम त्याला फार आवडला. त्या शाळेत प्रत्येक उमेदवाराला दर शुक्रवारी एक पान लिहावं लागे. सोमवार ते शुक्रवार काय काम केलं, आणि तळाशी एक रकाना: या आठवड्यात काय शिकलो. तीन वर्षांची एकशे छप्पन्न पानं. ती पुरी असल्याशिवाय शेवटच्या परीक्षेला बसता येत नसे. ही पद्धत अजून चालू आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या नियमावलीत लिहिलं होतं: ज्याची वही पुरी झाली नाही, त्याची वही ती पुरी होईपर्यंत शाळेत राहील. निशिकांतने हे इंग्रजीत उतरवलं, आणि उतरवताना त्याचा हात जरा अडखळला.

अडखळायला कारण होतं.

पुण्याहून दोघं गेले होते. निशिकांत आणि गुरुप्रसाद मोघे. एकच खोली, दोन खाटा, एक शेगडी. गुरुप्रसाद दर शुक्रवारी जेवणाआधी पान लिहायचा. त्याची एक गंमत होती. तो आधी पट्टीने पेन्सिलीची पुसट रेघ मारायचा आणि जर्मन अक्षरं त्या रेघेला खालून टांगायचा, मराठीसारखी. निशिकांत त्याला चिडवायचा. स्वतः त्याने कशीबशी तीस पानं लिहिली आणि पुढचं पुढच्या आठवड्यावर ढकललं. ढकलता ढकलता तीन वर्षं संपली. पानं सुटी असत, फायलीत लावायची. नाव फक्त कव्हरवर. तीन-तीन महिन्यांची पानं एकदम सही करणारे साहेब त्याच महिन्यात निवृत्त झाले होते, त्यामुळे विचारणारं कुणी नव्हतं.

शेवटचं पान लिहून गुरुप्रसाद दोन दिवस हॅम्बुर्गला गेला, आईसाठी स्वेटर आणायला. रविवारी सकाळी निशिकांतने त्याच्या फायलीतली पानं काढून आपल्या फायलीत लावली. दहा मिनिटांचं काम. सोमवारी त्याने फाइल शाळेत जमा केली. गुरुप्रसादची रिकामी फाइल कालव्यात टाकली.

पण त्याला छळायचं ते हे नव्हे. पुढच्या शुक्रवारी गुरुप्रसाद वही शोधायला लागला, तेव्हा निशिकांतने त्याच्याबरोबर शोधली होती. कपाट उपसलं. दोघांनी मिळून खाट सरकवली. गुरुप्रसाद गुडघ्यांवर बसून म्हणाला होता, "तू आहेस म्हणून बरं आहे रे, निश्या." ते आठवलं की निशिकांत आजही भर मीटिंगमध्ये मान खाली घालायचा. लोकांना वाटायचं, साहेब विचार करतायत.

गुरुप्रसाद परीक्षेला बसला नाही. व्हिसा संपला, तो पुण्याला परतला आणि कंपनीने त्याला पार्सल खात्यात बसवलं. हे निशिकांतने कुणाला सांगितलं नव्हतं. मधुवंतीला तर नाहीच.

मार्चमध्ये फ्राउ ब्रिंकमानचा मेल आला. 'तुमची स्वतःची वहीसुद्धा सापडली! प्रकरण जिवंत करायला उपयोगी पडेल.' सोबतची स्कॅनची फाइल उघडायला निशिकांतने चार दिवस लावले. मग पाया लेबारला एका कॉफी शॉपमध्ये बसून लॅपटॉपवर उघडली.

कव्हरवर त्याचं नाव. आत पेन्सिलीची रेघ आणि तिला टांगलेली अक्षरं. तळाच्या रकान्यात दर आठवड्याला गुरुप्रसादने मन लावून तीन-चार ओळी लिहिल्या होत्या. शिकलो: रागावलेल्या ग्राहकाला उत्तर देण्याआधी पत्र दोनदा वाचावं. शिकलो: बर्फ पडत असेल तर ट्रक अर्धा दिवस आधी सोडावा. वाचताना निशिकांतला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. त्याचीही त्याला लाज वाटली.

मग त्याचं लक्ष खाली कोपऱ्यातल्या आकड्याकडे गेलं. पानं एकशे छप्पन्न हवी होती. स्कॅनमध्ये हजाराच्या वर होती.

दोनदा स्कॅन झालं असेल, असं म्हणून तो पुढे गेला.

आठवडा एकशे सत्तावन्न. तीच रेघ, तेच अक्षर. सोमवार: वही जमा केली. मंगळवार: अभ्यास. बुधवार: अभ्यास. गुरुवार: केस कापले. शुक्रवार: खोलीतल्या मित्राबरोबर त्याची वही शोधली. खाट सरकवली. कुठे आहे ते माहीत होतं.

या आठवड्यात काय शिकलो: काही नाही.

शेजारच्या टेबलावरची बाई कप उचलून गेली तरी निशिकांत तसाच बसून होता. मग त्याने मधलंच एक पान उघडलं. चांगी विमानतळावर उतरलो, आंग मो किओला खोली घेतली. शिकलो: काही नाही. आणखी पुढे. मुलगी झाली, पेढे वाटले. काही नाही. टायफॉइडचा आठवडा होता, मधुवंतीची आई वारली तो होता, बढतीचा होता. एकही शुक्रवार सुटलेला नव्हता. शेवटचं पान गेल्या आठवड्याचं होतं. शुक्रवार: मेल आला. फाइल उघडली नाही.

त्याने बाईंना मेल लिहिला, पुढची पानं कुठून आली? उत्तर तासाभरात आलं. 'आम्ही कपाटात जे होतं तेच स्कॅन केलं. तुमच्या नावाच्या आठ फायली आहेत. शेवटची काही पानं पुसटली आहेत, त्याबद्दल माफ करा. शाई ओली होती.'

हे गुरुप्रसादचंच काम, असं त्याने स्वतःला पटवलं. सूडच उगवायचा तर माणूस काय करेल याचा नेम नाही. पण मुलगी झाल्याचे पेढे त्याला कसे कळणार? तरी दुसऱ्या दिवशी, बुधवारी, त्याने पुण्यातून नंबर मिळवून दुपारच्या सुट्टीत फोन लावला. एकवीस वर्षं झाली होती.

"निश्या? अरे, तू?" गुरुप्रसादचा आवाज जड झाला होता, शब्द एका बाजूने यायचे. "पाच वर्षांपूर्वी झटका आला मला. उजवी बाजू गेली. आता चालतो तसा, पण हाताने काही होत नाही. सही म्हणून अंगठा देतो, बघ."

"लिहीत नाहीस मग काही?"

"कशाने लिहू?" तो हसला. "तू बोल. मोठा साहेब झालास म्हणे. ऐकलं की बरं वाटतं."

निशिकांत खिडकीकडे वळला. खिडकीखालून एक फेरीबोट निघाली होती.

"एक विचारू?" गुरुप्रसाद म्हणाला. "हसू नकोस. ती माझी फाइल कधी सापडली का रे?"

आता सांगायचं. एवढ्यासाठीच तर आपण फोन केला, असं निशिकांतला त्या क्षणी स्वच्छ कळलं. शब्द जिभेवर आले होते.

"नाही रे," तो म्हणाला.

"असू दे. मीच कुठेतरी घातली असणार. ठेवतील तिथे विसरतील असं आमचं घराणंच आहे. पण तू माझ्याबरोबर शोधलीस, ते मी विसरलेलो नाही हां."

फोन ठेवल्यावर निशिकांत बाथरूममध्ये गेला आणि आरशाकडे न बघता बराच वेळ हात धूत राहिला.

शुक्रवारी दुपारी ब्रिंकमानबाईंचा आणखी एक मेल आला. 'फायली परत लावताना हे एक पान नवीन दिसलं. तुमच्या संग्रहाला असावं.'

पान त्याच आठवड्याचं होतं.

बुधवार: फोन केला. त्याने विचारलं. नाही म्हणालो.

गुरुवार: इतिहासाचं शेवटचं प्रकरण लिहिलं.

शुक्रवार: मुलीबरोबर तिची फाइल शोधली. खाट सरकवली. कुठे आहे ते माहीत होतं.

तळाचा रकाना कोरा होता.

निशिकांतने घड्याळ बघितलं. शुक्रवार, दुपारचे साडेतीन. अजून त्याने काही शोधलं नव्हतं. आर्या पॉलिटेक्निकला शिकत होती, बावीस आठवड्यांची इंटर्नशिप नुकतीच संपली होती. तिचे लेक्चरर जुन्या वळणाचे. दर आठवड्याचं पान हाताने लिहायचं आणि त्यावर सुपरवायझरची सही घ्यायची, असा त्यांचा हट्ट. काळी फाइल. ती त्याने तिच्या हातात कितीदा तरी पाहिली होती, आणि प्रत्येक वेळी दुसरीकडे बघितलं होतं.

तो तसाच उठला. एमआरटीच्या गाडीत उभ्याने त्याने मनाशी ठरवलं. फाइल घरात असेल तर तिच्या हातात द्यायची. नसेल तर रात्रीच्या जेवणाला दोघींना समोर बसवून सगळं सांगायचं. कालवा, स्वेटर, सगळं. मग उद्या गुरुप्रसादला. ठरवल्यावर त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा हलकं वाटलं.

दार उघडलं तर हॉलभर कागद पसरलेले. मधुवंती अजून ऑफिसातून यायची होती. आर्या खोलीच्या दारात उभी होती, डोळे लाल.

"बाबा, माझी लॉग फाइल बघितलीस? ब्लॅक वन. मंडेला सबमिट आहे. सकाळी इथेच होती, आय स्वेअर. नो फाइल, नो पास, लाह. अख्खी सेमिस्टर परत."

निशिकांतने तोंड उघडलं.

आणि त्याला कळलं, की फाइल कुठे आहे हे त्याला माहीत आहे.

त्याच्या टेबलाचा खालचा खण. प्रमाणपत्राच्या खाली, उताणी. कधी ठेवली, का ठेवली, काही आठवत नव्हतं. सकाळचा चहा आठवत होता, बूट घातलेले आठवत होते. मधली दहा मिनिटं नव्हती. पण फाइल तिथे होती. स्वतःचं नाव माहीत असावं तसं त्याला ते माहीत होतं.

आठ पावलं चालून जायचं. खण उघडायचा. द्यायची.

मग ती विचारेल, तुझ्याकडे कशी?

"बाबा? बघितलीस का?"

ती त्याच्याकडे बघत होती. लहानपणी खेळणं मोडलं की बघायची तशी.

"नाही गं," निशिकांत म्हणाला. "चल, आपण खाट सरकवून बघू."

दोघांनी दोन बाजूंनी खाट धरली. ती सरकताना फरशीवर घासल्याचा आवाज झाला, आणि तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. आर्या गुडघ्यांवर बसली, नाक पुसलं.

"लकी तू लवकर आलास," ती म्हणाली. "थँक यू, बाबा."

निशिकांत तिच्या शेजारी गुडघे टेकून बसला. मग तो वाकला, आणि जिथे काहीही नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं तिथे, अगदी भिंतीपर्यंत, नीट बघितलं.